मनोऱ्यावरच्या गोळ्यातला मफलर

यावोरेक गावाची बखर लिहायचं काम एकतीस वर्षं ओटिलीकडे होतं. पूर कधी आला, शाळेचं छप्पर कधी बदललं, कोण गेलं, सगळं ती टापटिपीनं लिहून ठेवायची. जुन्या वहीतलं एकोणीसशे त्रेपन्न सालचं पान मात्र तिनं कधी उघडलं नाही.

त्या साली किल्ल्याच्या मनोऱ्याची डागडुजी झाली. मनोऱ्याच्या टोकावर तांब्याचा सोनेरी गोळा आहे. दर दुरुस्तीला तो उतरवायचा, आतल्या डब्यातले जुने कागद वाचायचे, आपल्या काळाचा कागद घालून पुन्हा चढवायचा, ही गावाची रीत. पण त्रेपन्नात वरून नव्या सरकारचा हुकूम आला: सरदार-पाद्र्यांचे कागद जाळा, आमचं पत्रक तेवढं ठेवा. हे काम पडलं पत्रे ठोकणाऱ्या यारोलिमवर, म्हणजे ओटिलीच्या बापावर. त्यानं चौकात शेगडी पेटवली आणि सगळ्यांदेखत कागदांचा भारा आत घातला. पुढे मरेपर्यंत त्यानं ह्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

गाव पाठीमागे बोलायचं. इतिहासाचे म्हातारे मास्तर हिनेक मात्र बिअरचा घोट घेऊन तोंडावर बोलायचे, की तुझ्या बापानं अडीचशे वर्षं शेगडीत घातली आणि तू वह्या भरत बसलीस. ओटिली ते हसण्यावारी न्यायची आणि घरी जाऊन रडायची.

यंदा सत्तर वर्षांनी गोळा खाली आला. सभागृह खचाखच भरलं. बखर लिहिणारीनंच कागद वाचून दाखवायचे असतात, त्यामुळे सुटका नव्हती. एकटं सरकारी पत्रक निघणार, खाली बापाची सही, आणि भर सभेत ते आपल्यालाच वाचावं लागणार, ह्या विचारानं तिला रात्रभर झोप नव्हती.

आणि निघालं ते पत्रकच. तिनं कसंबसं वाचलं. हिनेक मास्तर छताकडे बघत बसले.

पत्रेवाल्या कारागिरानं रिकामा डबा हातात फिरवला. बाहेरून वीतभर खोल, आतून चारच बोटं. तळावर दुसरा पत्रा बसवून सांध्याला डाग दिलेला होता, अगदी बारीक, हात बसलेल्या माणसाचा. त्यानं तो कापला.

आतून लाल लोकरीचा मफलर निघाला. त्यात गुंडाळलेले कागद, लाखेच्या मोहरांसकट. सर्वांत जुना सोळाशे चौऱ्याण्णवचा.

ओटिलीनं मफलर ओळखला. आजीनं विणलेला. त्रेपन्नात ओटिली सहा वर्षांची असताना तो हरवला म्हणून आईनं तिला बदडलं होतं. बाप बाजूला गप्प उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचा जाडाभरडा मफलर तिच्या गळ्याला बांधला आणि तो हिवाळाभर उघड्या गळ्यानं छपरांवर खोकत राहिला. शेगडीत त्यानं काय घातलं होतं, रद्दी की आणखी काही, ते आता कुणी विचारलं नाही.

“बाबा, मला तरी सांगायचं होतंत,” ती म्हणाली. सभागृहात सगळ्यांना ऐकू गेलं.

हिनेक मास्तर काठी टेकत पुढे आले. त्यांनी टोपी काढली. म्हणाले, “वाच, ओटिली. आम्ही उभे राहून ऐकतो.”

सगळे उठले. मफलर तिला लहान पडत होता, टोकं जुळत नव्हती. तिनं तो एका हातानं गळ्याशी धरला आणि दुसऱ्या हातानं पहिला कागद उचलला.