लॅमिनेट केलेला टॅग

ज्योत्स्नाबाईंनी गाडीची पुढची काच आतून ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्याने, आणि आरशामागची तेवढी जागा पदराने पुन्हा एकदा. शेजारचा नागसेन कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून बघत होता. शाळेत मास्तर असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्याला दुसऱ्यांच्या चुका लागत.

"आना," त्यांनी नवऱ्यापुढे हात केला.

प्रभाकररावांनी बँकेचं पाकीट उघडून फास्टॅग काढला. तो उन्हात चकाकला. चारही बाजूंना पारदर्शक प्लास्टिक, कोपरे सुबक गोल कापलेले.

"हे काय केलं?"

"लॅमिनेशन. उन्हानं खराब नाई होत."

नागसेनला हसू आवरेना. "काका, आता हा चिकटते कसा? फीत देतो मी, गळ्यात घालून बसजा टोलवर."

डेपोतून निवृत्त झाल्यापासून प्रभाकररावांचा लॅमिनेशनवर फार विश्वास बसला होता. घरातला कागद महत्त्वाचा ठरला, की तो चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन यायचा. लेकीची, मयुरीची, दहावीची गुणपत्रिका, कूलरचं वॉरंटी कार्ड, स्वतःची लग्नपत्रिका. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांचं पत्रक तर दोनदा, कारण पहिल्या वेळी कडेला हवा राहिली होती. माया दाखवायच्या बाकीच्या पद्धती त्यांना फारशा जमल्या नव्हत्या, आणि ज्योत्स्नाबाईंनी हे प्लास्टिक केव्हाच त्यांच्या जमेच्या बाजूला मांडलं होतं.

पण आज घाई होती. मयुरीला दुपारी नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती, आणि तान्हं बाळ घेऊन ती माहेरी यायची होती. गाडी कोण चालवणार, ते ठरलं नव्हतं. म्हणजे त्यावर बोलणंच झालं नव्हतं. लांबचा रस्ता प्रभाकररावांचा, असा रिवाज होता. ज्योत्स्नाबाई हिवाळ्यात क्लास लावून शिकल्या, तरी त्यांची हद्द घरच्या पिपरी मेघेपासून वर्ध्याच्या बाजारापर्यंत. "हायवे म्हंजे भाजीबाजार नाई," एवढं एक वाक्य नवऱ्याला पुरत आलं होतं. मात्र दिवाळीपासून प्रभाकररावांचीही गाडी बाहेर निघेना. कधी ब्रेक बरोबर नसे, कधी टायर बसलेलं असे, कधी नुसतं ऊन.

ज्योत्स्नाबाईंनी टॅग घेऊन उलटा केला. चिकट बाजूवरच्या कागदावर ठळक छापलं होतं: हा कागद काढून टॅग काचेला आतून चिकटवा.

अक्षरं लहान नव्हती. पुलगावच्या लष्करी डेपोत जन्मभर कागद तपासलेला, स्वल्पविराम चुकला तरी अर्ज परत पाठवणारा हा माणूस. ज्योत्स्नाबाईंनी मान वर केली. ते टॅगकडे बघतच नव्हते. मान किंचित तिरपी करून ते दोघांचे आवाज ऐकत होते.

"पन काका, त्याच्यावर तं मोठ्ठं लिहून—"

"नागसेन," ज्योत्स्नाबाईंनी त्याला मधेच तोडलं, "घरून कैची आन बरं. धार असलेली."

तो गेला आणि कैची घेऊन आला.

ज्योत्स्नाबाईंनी कडा कापल्या, नख घातलं आणि जपून ओढलं. प्लास्टिकला चिकटून खालचा कागदही अलगद सुटला.

"पाहा, संगंच निघाला. बरं झालं, धराले सोपं गेलं."

"मंग? काई विचार करूनच केलं मी."

"काका, तुम्ही पेटंट घ्या याचं," नागसेन म्हणाला.

टॅग काचेवर बसला. किल्ली प्रभाकररावांच्या खिशात होती. त्यांनी ती काढली, तळहातावर जरा खेळवली, बायकोच्या हातात ठेवली आणि बॉनेटवर हात टेकत वळसा घालून डावीकडचं दार उघडलं.

"चाल. पोरगी वाट पाहत असंल."

नागसेन काही बोलणार होता, पण कैची घेऊन घरात गेला.

रस्त्याने प्रभाकररावांनी एकही सूचना केली नाही. बायकोची पर्स मांडीवर धरून ते समोर बघत होते. टोलनाका आला. ज्योत्स्नाबाईंनी वेग कमी केला. आडवा दांडा वर उचलला गेला. गाडी पलीकडे निघाली, तोच पर्समध्ये फोन वाजला.

"मेसेज आला," प्रभाकरराव म्हणाले. "टोलचा."

"तो तं तुमच्या फोनवर येते ना?"

"तुहा नंबर देल्ला मी."

तेव्हा ज्योत्स्नाबाईंना आठवलं. मागच्या आठवड्यात नवऱ्याने बँकेतून फोन केला होता, "तुह्या फोनवर आकडे आले, वाच बरं." पेन्शनचं काहीतरी असेल म्हणून त्यांनी वाचून दाखवले होते.

"तुमचा काऊन नाई देल्ला?"

एक ट्रक बाजूने गेला.

"माह्या फोनवर आला असता तं वाचला कोनं असता?"

ज्योत्स्नाबाईंनी रस्त्यावरून नजर काढली नाही.

"सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ." मग जरा वेळाने, "तू शिकली ते बरं केलं. मी म्हनलं नाई कधी."

असं काही ऐकायची त्यांना सवय नव्हती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर चिठ्ठी देईन. ते लॅमिनेशन करून आनजा."

प्रभाकरराव मोठ्याने हसले. मग हसता हसता थांबले आणि मान तिरपी केली.

"इंजिन वरडून राह्यलं. चौथा गियर टाक."

ज्योत्स्नाबाईंनी चौथा टाकला.