पाच मणी कमी

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे या. इंजिन थंड आहे, चटका बसायचा नाही. बुवा कीर्तनात आधी सगळ्यांना जवळ बोलावतात, मगच कथेला हात घालतात. ती सवय मलाही लागली आहे. आजची कथा एका रविवारची. आपल्याला वाचा नाही याचं त्या दिवसाइतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

मी एक जुनी जीप आहे. चारही चाकांनी ओढणारी. वाटूरच्या शिवारात, ओढ्यापलीकडच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पुंजाराम अण्णांच्या घरी राहते. अण्णा टाळकरी. पंधरा वर्षं मी परतूर तालुक्यातल्या सप्ताहांना बुवा, मृदंग, पेटी आणि टाळकरी वाहून नेले. मंडपाजवळ माझा हॉर्न वाजला की लोक म्हणायचे, "आली, आली! आता कीर्तन उभं राहतंय." मला वाटायचं, हार माझ्याच गळ्यात पडणार! पुढे रस्ते डांबरी झाले, बुवा आपल्या मोटारीनं येऊ लागले. मी लिंबाखाली उभी राहिले. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. माझ्या पोटातलं तेल वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नाही.

मला पुन्हा हाक आली ती दैवशालेसाठी. ती अण्णांची सून, भारतची बायको. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या निकामी झाल्या. सोमवारी आणि गुरुवारी जालन्याला जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. ते चुकवून चालत नाही. पण आखाड्यापासून डांबरीपर्यंत दोन किलोमीटर काळी माती, मध्ये ओढा. भादव्यात तिथं मोटारसायकलही रुतते. म्हणून भारतनं मला मोठे टायर चढवले, आणि मोठ्या चाकांनी माझी ओढच घटली. एका गुरुवारी मी ओढ्याच्या चढाला हटले. दैवशाला सुजलेल्या पायांनी गुडघाभर चिखल तुडवत गेली. तीन तास उशीर झाला. डॉक्टरांनी भारतला बजावलं, "पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही."

भारत ट्रॅक्टरचा चांगला कारागीर. मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी पोट असतं, त्याला डिफरन्शिअल म्हणतात. त्यात क्राऊन आणि पिनियन या दोन दातेरी चाकांची जोडी असते. तीच इंजिनाचा जोर चाकांना देते. भारतनं जास्त ओढीची जोडी आणली आणि शनिवारी अंगणातच माझं पोट उघडलं. दातावर दात बरोबर टेकतो का, हे बघायला रंग लागतो. तो नव्हता. तेव्हा त्याच्या आईनं, तुळजाबाईनं, पिंपळगाव रेणुकाईहून आणलेली शेंदराची पुडी पुढं केली.

"तेलात कालव. खाली सांडू नको, देवीचा हाय."

पातळ चकत्या घालत आणि काढत भारतनं आठ वेळा जोडी बसवली. नवव्यांदा शेंदराचा ठसा दाताच्या मधोमध उमटला. मला हायसं वाटलं. पण पाहते तर काय? भारत हात धूत होता. असंच दुसरं पोट मला पुढच्या चाकांमध्येही आहे, ते त्यानं उघडलंच नव्हतं!

रविवारी दुपारी त्यानं मला चालू केलं, चारही चाकं जोडली आणि अंगणात वळवलं. माझं सगळं अंग पिळून निघालं. कट्ट! मी मनात ओरडले, देवा, थांबव याला.

ओट्यावरून अण्णा उठले. "भारत, थांबीव. पुढचं न् मागचं एका लयीत न्हाई."

"अण्णा, दात नवे हायेत. घासले की बसतील बराबर."

"पुढची जोडी बदलली का?"

"ट्रॅक्टरला पुढचं न् मागचं कुठं सारखं असतं? जोर मागनंच लागतो."

"ट्रॅक्टरची चाकंबी सारखी नसतेत, बाबा. हिची हायेत."

भारत हटला नाही. "व्हिडिओत पाह्यलं मी."

"व्हिडिओत बघून एक भाकर थापून दाखीव," तुळजाबाई म्हणाली. "मंग बोल."

"मोजूनच दाखवतो," भारत चिडून म्हणाला.

त्यानं माझं मागचं एक चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवर ठेवलं. इंजिनाकडून मागच्या पोटाकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्यावर खडूची खूण केली. उचललेलं चाक तो वीस वेळा फिरवणार, तेवढ्यात दांडा किती फिरतो ते तुळजाबाई मोजणार. ती वाकून बसली, हातात जपाची माळ. दांड्याचा एक फेरा, एक "रामकृष्ण हरी", एक मणी. चाक थांबलं तेव्हा चोपन्न मणी सरले होते.

"अर्धी माळ भरली बराबर."

मग पुढचं चाक आणि पुढचा दांडा. वीस फेरे झाले. तुळजाबाईनं माळ वर धरली.

"एकोणपन्नास. पाच मणी कमी."

चारही चाकं सारख्याच वाटेनं चालणार. पण त्यासाठी मागचा दांडा चोपन्न फेरे मागणार आणि पुढचा एकोणपन्नास. दोघांना एकत्र बांधणारी गिअरची पेटीच फुटणार.

"उद्या ओढ्यात फुटली असती," भारत पुटपुटला. रविवार होता, दुकानं बंद; पुढची जोडी आज मिळणार नव्हती. "पुढचं सोडून देतो. नुसत्या मागच्या चाकांवर काढतो."

दारात उभी दैवशाला बोलली, "अहो, मधीच रुतली तर? मला हळू चालंल. थांबून न्हाई जमायचं."

म्हणून जुनीच जोडी परत घालायची ठरलं. डिझेलच्या डब्यात ती अजून होती. पुन्हा शेंदूर, पुन्हा चकत्या. दिवेलागणीला माझं पोट मिटलं. पेटी वाचली होती; पण ओढ तीच जुनी, कमी. चढ तर तोच.

सोमवारी सकाळी अण्णांच्या निरोपावरून भजनी मंडळ आलं. तुळजाबाईनं चुलीसाठी रचलेली पऱ्हाट्यांची गंजी मोकळी केली. तातेराव मृदंगवाले म्हणाले, "वहिनी, भाकरी कशावर करसाल?"

"सून आली माघारी की बघू."

कापसाच्या त्या काड्या चढावर अंथरल्या. मी ओढ्यात उतरले. चढाला लागले. चाकं गरगरली, मी हातभर मागे घसरले. दैवशालेनं समोरची दांडी घट्ट धरली, डोळे मिटले. मागून सात जणांनी खांदा लावला, आणि अण्णांचा आवाज आला, "बोला!" नामाचा गजर झाला. पऱ्हाट्या कडकडल्या. पुढची चाकं धरली. त्याच क्षणी मागचीही. मी वर आले.

मशीनची वेळ दहाची होती; दहाला पाच कमी असताना दैवशाला जालन्यात मशीनजवळच्या खुर्चीत बसली.

मित्रांनो, मुक्या यंत्राचं पोट उघडाल तेव्हा पुढचंही बघा आणि मागचंही. कुरकुर ऐकू आली तर कान द्या. आणि माझं एक मागणं आहे. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दैवशाला चार तास हात न हलवता मशीनजवळ बसलेली असते. त्या वेळी तुम्ही शाळेत असाल, शेतात असाल, जिथं असाल तिथं क्षणभर तिची आठवण काढा.