लेना, दार उघड

सगुण जेवून हात धूत होता तेव्हा मनुजाचा फोन आला. ही तिच्या फोनची वेळ नव्हे. त्याने ओल्या हातानेच फोन उचलला.

"बाबा, मी दाराबाहेर अडकले."

"कसल्या दाराबाहेर?"

"घराच्या. कचरा टाकायला खाली गेले आणि दार मागे लागलं. चावी आत. आणि शेगडीवर पेज आहे."

सगुण ओट्यावर बसला. कोरगावात त्याच्या घराचं दार सकाळी उघडायचं ते दिवेलागणीलाच ओढून घ्यायचं. कुत्रं आत येऊ नये म्हणून मध्ये एक फळी, बस. मनुजा त्याच दारातून आत-बाहेर करत वाढली. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात शिकायला जाऊन तिला जेमतेम महिना होत आला होता. तिथलं दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं हे तिला कोणी सांगितलंही असेल, पण कचरा टाकायला जाताना चावी घ्यायची सवय हाताला कुठून असणार?

त्या घरात तिघीजणी. प्रत्येकीला एक खोली, स्वयंपाकघर सगळ्यांत एक. एक मुलगी आपल्या गावाला गेलेली. दुसरी लेना, ती रात्री हॉटेलात काम करून आलेली, कानात बोळे घालून आत झोपलेली. पहिला महिना परीक्षेचा, असं त्यांनी मनुजाला आधीच सांगितलं होतं. पटलं तर राहा, नाही पटलं तर दुसरीकडे बघ. आणि मनुजाने दोनदा बोलणी खाल्ली होती. एकदा फोडणीच्या धुराने छताला लावलेली धुराची घंटा वाजली. एकदा आंघोळीचं पाणी सगळ्या फरशीभर झालं. आता पेज करपली, धूर झाला, तर खोली जाणार. हे तिला ठाऊक होतं आणि सगुणलाही.

"शेजाऱ्याला हाक मार गो."

"इथे तशी मारत नाहीत, बाबा."

"मग घंटी वाजव."

"बोट दुखलं माझं. ती उठत नाही."

"कुलूप उघडणारा कोण आहे का बघ."

"येईपर्यंत पेज राहील का?"

सगुणला पुढचं सुचेना. चैत्रात त्याची बायको जानकी गेली. ती होती तोवर फोनवर मायलेकींनी बोलायचं आणि सगुणने बाजूला बसून ऐकायचं, अशीच रीत होती. मनुजाने जावं हे जानकीनेच ठरवलं होतं. "माझ्यासाठी अडून राहायचं नाही," असं तिने खाटेवरून दटावून सांगितलं होतं. ती गेली आणि फोन सगुणच्या हातात आला. पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवण्यात त्याचा जन्म गेला. ट्रक बंद पडला तर काय करायचं ते त्याला कळत असे. पोरगी रडायला लागली की काय करायचं ते कळत नसे.

आता ती रडत होती. अंगात पातळ सदरा, पायात घरातल्या सपाता. दात वाजताना ऐकू येत होते.

"फोन दाराला लाव," सगुण म्हणाला. "मोठा आवाज कर आणि लाव."

"कशाला?"

"लाव म्हणतो ना."

तिने लावला. सगुण अंगणात येऊन उभा राहिला आणि ओरडला, "लेना! गो लेना, दार उघड!"

पलीकडे काही झालं नाही. अलीकडे शेजारची शेवंती विहिरीवरून कळशी तशीच टाकून आली. बाबली कोयता घेऊन काजूच्या बागेतून आला. रस्त्यावरून चाललेल्या एकाने स्कूटर थांबवली.

"भर दुपारी कोणाच्या बायकोक हाका मारतास, सगुणभाऊ?" शेवंतीने विचारलं. "आणि ही लेना कोण?"

सगुणने दोन वाक्यांत सांगितलं. शेवंतीची थट्टा तोंडातच राहिली.

"तुजो आवाज म्हणजे शेळीचो," बाबली म्हणाला. "दी हांगा फोन."

बाबली देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा आणि लोक मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. त्याचा आवाज पार डोंगरापलीकडे जातो असं गाव म्हणे. त्याने फोन तोंडाशी धरला. "गे लेना बाये, आमचा चेडू, आमची मनुजा, भायर रवला, तुजा दार उघड गे!"

"व्हय म्हाराजा," शेवंती सवयीने म्हणून गेली, आणि स्कूटरवालाही म्हणाला.

"बाबा, थांबवा त्यांना," मनुजा घाईने बोलली. "खालच्या मजल्यावरचे आजोबा बाहेर आलेत. थांबवा."

एका म्हाताऱ्याचा आवाज आला, चिडलेला. मग मनुजाचा, अगदी बारीक. मग आतली धुराची घंटा वाजू लागली, कर्कश, थांबेचना. दार उघडल्याचा आवाज. एक बाई काहीतरी भराभर बोलली आणि फोन बंद झाला.

"उघडलान दार," बाबली म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं.

"बाई रागावली होती की घाबरली होती?" सगुणने विचारलं.

"हसत होती," बाबली म्हणाला. शेवंतीला ती रडत होती असं वाटलं. स्कूटरवाला म्हणाला, त्यांची भाषाच तशी, कळत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनुजाने फोन केला. आग लागली नव्हती, नुसतं भांडं काळं झालं होतं. पण महिनाअखेर खोली सोड म्हणून लेनाने आणि गावाहून परतलेल्या मुलीने, दोघींनी सांगितलं होतं.

"एका भांड्यासाठी?"

"भांड्याचं काही नाही. लेना तर चहा करून देत होती मला." ती थांबली. "खालच्या आजोबांनी घरमालकाला कळवलं. जिन्यात आरडाओरडा केला म्हणून. मालक ह्या दोघींवर चिडला. जाऊ दे, बाबा."

तो आरडाओरडा आपलाच, हे सगुणला थोड्या वेळाने समजलं. मग तो म्हणाला, "मी त्यांच्याशी बोलू? चूक माझी, तुझी नाही, असं सांगतो."

"कुठल्या भाषेत?"



"मग तू घरी ये."

"घरी कोण आहे, बाबा?" ती बोलून गेली आणि लगेच म्हणाली, "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"कळलं मला," सगुण म्हणाला. "असू दे."

जानकी असती तर इथे काहीतरी बोलली असती. काय बोलली असती, ते आठवायचा सगुणने प्रयत्न केला.

"एक खोली बघायला जायचंय," मनुजा म्हणाली. "शहराच्या टोकाला आहे. बस चुकेल माझी."

"जा."

फोन तिनेच बंद केला. कुंपणापलीकडून शेवंतीने विचारलं, "काय म्हणता चेडू? बरा आसा मां?"

"खोली बदलतेय," सगुण म्हणाला.

"त्या घरात काय वाईट होता?"

"लांब पडत होतं," तो म्हणाला आणि आत गेला.