मिस्त्रींच्या पाठीतले यंत्र

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. काडेपेटीएवढे, चपटे, धातूचे यंत्र आहे मी. पाच वर्षे झाली, फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रींच्या कमरेच्या कातडीखाली पडून आहे. माझ्या दोन बारीक तारा त्यांच्या मणक्यात, मज्जारज्जूशेजारी टेकल्या आहेत. दुखण्याची वार्ता तिथूनच मेंदूकडे जाते. विजेचे हलके ठोके देऊन ती वाटेतच अडवायची, हे माझे काम. माझ्या कित्येक भावंडांनी ते चोख केले आहे.

मिस्त्रींची वीस वर्षे गुडघ्यांवर आणि वाकून गेली. मणक्याची दोन ऑपरेशने झाली, तरी डाव्या पोटरीतली आग विझेना. दहापैकी आठ, असे ते सांगत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी आठवडाभर चाचणी. तारा आत, यंत्र बाहेर पट्ट्याला. दुखणं निम्म्याने कमी झालं, तरच कायमचं बसवू."

"आणि नाही झालं तर?" मिस्त्रींच्या पत्नीने विचारले.

"तारा थोड्या हलवून बघू. तरी नाहीच, तर काढून टाकू."

मिस्त्रींच्या मनात 'काढून टाकू' तेवढेच राहिले.

त्या आठवड्यात पत्नी रोज वही घेऊन बसे. "अहो, आज किती?"

"तीन." होते सात.

"खरंच?"

"अगं, फरशी असतो तर ठोकून दाखवलं असतं, भरीव आहे की पोकळ!"

ती हसली. तिला हसताना पाहून मिस्त्रींना आकडा बदलवेना. शिवाय हा शेवटचा उपाय होता. तीन म्हणत राहिले तर कधीतरी तीन होईल, असेही त्यांना वाटले. हे सारे मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकले.

वही वाचून डॉक्टरबाईंनी मला बसवले. शेजारीपाजारी कौतुकाने विचारपूस करत. माझ्या ठोक्यांच्या मुंग्या मात्र मांडीतच उमटत होत्या. पोटरीपर्यंत त्या पोचतच नव्हत्या.

"मुंग्या दुखतं तिथेच येतात ना?" माझे ठोके जुळवणारा तंत्रज्ञ दर भेटीत विचारी.

"अगदी तिथेच."

मग माझे ठोके कोण बदलणार?

तीन वर्षांनी पत्नीला माझा कमरेला बांधायचा चार्जिंगचा पट्टा कपाटामागे सापडला. त्यावर धूळ होती.

"अहो, हे कधीपासून बंद आहे?"

"झाले सात-आठ महिने."

"आणि दुखणं?"

"आठ."

ती पलंगावर बसली. "म्हणजे मी लिहिलं ते सगळं..."

"मी सांगितलं तेच तू लिहिलंस."

डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला. "चाचणीत बोलला असतात, तर तारा खाली सरकवता आल्या असत्या. आता त्यांच्याभोवती व्रण घट्ट झालाय. पुन्हा उघडण्यात धोका आहे." एक्स-रे खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चुकलं माझंही. मी वही वाचली. तुम्हाला जिना चढायला लावून पाहिलं नाही."

त्यानंतरही मी बंदच राहिलो. मिस्त्री उताणे झोपले की हाडाला टोचतो. त्यांच्या दुखण्यात माझी तेवढी भर.

मित्रांनो, घरातले कोणी 'बरं आहे' म्हणाले, तर त्यांना चालताना, उठताना नीट पाहा. आणि डॉक्टरांनी तुम्हाला विचारले, तर उपाय संपण्याची भीती वाटली तरी आठला आठच सांगा. तारा हलवता येतात, तोवरच सांगा.