साडूचं जाकीट

औषधवाल्याच्या मेहुण्याला जुळ्या मुली झाल्या त्या सालची ही गोष्ट. त्या मुली आता नोकरीला लागल्या, म्हणजे बावीस-तेवीस वर्षं सहज झाली. त्या साली शहरात भरदिवसा लुटालूट वाढली होती, आणि औषधवाल्याच्या पोटात एका जाकिटावरून आग पेटली होती.

औषधवाला हा घरचा थोरला जावई. बाजाराच्या तोंडाशी त्याचं औषधांचं दुकान. धाकटा जावई, म्हणजे त्याचा साडू, बँकांची रोकड पोचवणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर होता. साडू उंच आणि हसरा. तो दारात दिसला की सासूबाईंचे गुडघे दुखायचे थांबत. त्या गुडघ्यांना बारा वर्षं मलम आणि गोळ्या पुरवल्या औषधवाल्यानं, पण त्याला पाहून ते कधी थांबले नाहीत.

त्यात साडूला कंपनीकडून बुलेटप्रूफ जाकीट मिळालं. तो ते घालूनच सासूबाईंकडे आला. मग काय, सगळं घर त्याच्याभोवती गोळा. मेहुण्यानं जाकिटावर बुक्की मारून बघितली. सासूबाईंनी त्याच्या छातीवरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला.

"केवढं जोखमीचं काम करतात हो जावईबापू!"

"जोखीम कसली, आई? गाडीत बसायचं नि गाडी हाकायची," साडू म्हणाला. असं म्हणाला की त्याचं कौतुक आणखी दुप्पट व्हायचं, हे औषधवाल्याला ठाऊक होतं.

"आमच्याकडेही जोखीम असते," औषधवाला म्हणाला.

"असते की! तुमच्या गोळ्या पोटात जातात, साडूभाऊ. आमच्या छातीत यायच्या." सगळे खो खो हसले. औषधवाल्याची बायकोही हसली. तेच त्याला जास्त झोंबलं.

पंधरा दिवसांनी मागच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या एका औषध-दुकानदाराला भरदुपारी कुणीतरी चाकू मारला. झोपेच्या गोळ्या हव्या होत्या, डॉक्टरची चिठ्ठी नव्हती, म्हणून दुकानदारानं नाही म्हटलं. माणूस वाचला, पण सोळा टाके पडले. बायकोनं त्या दिवशी जेवणाचं ताट पुढं सरकवता सरकवता विषय काढला.

"अहो, तुम्हीही एक जाकीट घ्या. भाऊजींना विचारा, त्यांना माहिती आहे त्यातली."

"त्याला कशाला? मला डोळे नाहीत?"

"डोळे आहेत हो. पण ते त्यांच्या जाकिटावरून हलत नाहीत."

तो एकटाच गेला. जाकिटांचं दुकान जिल्हा कोर्टाच्या मागे होतं. चौकीदारांच्या वर्द्या, बूट, शिट्ट्या आणि आतल्या खोलीत जाकिटं. मालकीण पन्नाशीची, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. तिनं आधी काही दाखवलंच नाही. स्टूल पुढं केलं.

"भीती कशाची, साहेब? चाकूची की गोळीची?"

"दोन्हींची."

"दोन्हींची सगळ्यांनाच असते. तुमचं काम काय?"

त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली आणि एक पातळसं, बंडीसारखं जाकीट काढलं. "हे घ्या. चाकूसाठी आहे. शर्टाच्या आत बसतं, दिवसभर अंगावर राहतं. गोळीचं जाकीट चाकू थांबवेलच असं नाही. विणीतून टोक शिरतं. लोकांना वाटतं, गोळी अडते तर चाकू काय चीज आहे! तसं नसतं."

औषधवाल्यानं बंडी हातात घेऊन उलटीसुलटी केली. ही घालून सासूबाईंकडे गेलो तर कुणाला दिसणारही नाही, असा विचार त्याच्या मनात आला. तो त्यानं बोलून दाखवला नाही, पण बाईनं चष्म्यावरून बघितलं तेव्हा त्याला वाटलं, हिला कळलं.

"रोकडगाडीवाले घालतात तसं दाखवा," तो म्हणाला. "त्याच्याहून एक दर्जा वरचं."

"गोळीबार होतो का दुकानात?"

"होऊ शकतो."

बाईनं सुस्कारा टाकला आणि जड जाकीट काढलं. पुढं-मागं पोलादी पाट्या घालायची सोय होती. त्यानं घातलं आणि आरशात बघितलं. "आखूड आहे. बेंबीही झाकत नाही."

"झाकायचीच नसते. काळीज नि फुप्फुसं झाकायची. लांब असलं तर बसल्यावर गळ्याशी येतं. बसून बघा." तो बसला. "आता वाका. खालच्या कप्प्यातून औषध काढताय असं समजा." तो वाकला आणि कण्हला. "बघा बुवा," बाई म्हणाली. "जे रोज घालाल तेच जाकीट खरं. खुंटीवर टांगलेलं कुणाला वाचवत नाही. आणि गोळी अडवणारी ही आतली गादी पाच वर्षंच टिकते. नंतर घामानं, उन्हानं तिच्यातला जीव जातो, दिसायला तशीच दिसते. अस्तराखालच्या चिठ्ठीवर तारीख असते."

एवढं ऐकूनही त्यानं जडच घेतलं. चार दिवस घालून खालचे कप्पे उघडायचे बंद झाले. लहान मुलांची औषधं सगळी खालीच होती. पाचव्या दिवशी जाकीट दुकानातल्या खुंटीवर गेलं. रविवारी मात्र ते खुंटीवरून निघालं, कारण सासूबाईंकडे जेवण होतं.

तिथं मात्र गाडी उलटीच चालली. "अगंबाई, तुम्ही पण?" एवढंच सासूबाई म्हणाल्या आणि भात वाढायला लागल्या. साडूनं मात्र कौतुकानं हात लावला.

"भारी आहे, साडूभाऊ. पण तुमच्या दुकानात चाकूवालं बरं पडलं असतं."

"कुणी विचारलं तुला?"

साडू हसला, आपलं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. "हे घालून बघा. वजनात किती फरक आहे."

औषधवाल्याची एक सवय होती. हाती आलेली कुठलीही वस्तू तो आधी उलटी करून तारीख बघायचा. बिस्किटाचा पुडा, लोणच्याची बरणी, बॅटरीचे सेल. घरात त्यावरून त्याची थट्टा चालायची. त्यानं जाकिटाचं अस्तर उचललं आणि चिठ्ठी वाचली. गादीची मुदत संपून तीन वर्षं होऊन गेली होती. कंपनीनं कुणाचं तरी उतरलेलं, नवं कव्हर चढवून साडूला दिलं होतं.

त्याच्या मनात उकळ्या फुटल्या. एवढं कौतुक चाललंय ते या चिंधीचं! त्यानं अस्तर खाली सोडलं. "हलकं आहे खरं," म्हणाला आणि जेवायला बसला. त्या दिवशी त्यानं दोन वेळा भात मागून घेतला.

सोमवारी तो खूश होता, मंगळवारीही. गिऱ्हाईक बोललं तरी ऐकून घेत होता. बुधवारी दुसऱ्या एका गावात रोकडगाडीवर गोळीबार झाला आणि ड्रायव्हर गेला. गुरुवारी सकाळी त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. दुकान उघडायच्या आधी औषधवाला सासूबाईंचं मलम द्यायला गेला, तर सासूबाई कात्रीनं तो फोटो कापत होत्या. ओळख ना देख.

"बिचारा! किती हसरा चेहरा बघा. आपल्या धाकट्या जावईबापूंसारखाच."

औषधवाल्यानं मलमाची डबी तिथंच टेकवली. साडू जिवंत असताना आपला निभाव लागत नाही. तो असा मेला तर? भिंतीवर फोटो लागेल. जन्मभर त्या फोटोशी कोण बरोबरी करणार? खरं सांगायचं तर आधी हाच विचार आला. मग दुसरा आला. वीस वर्षांत मुदत गेलेली साधी खोकल्याची बाटली त्यानं कुणाला विकली नव्हती. शत्रूलाही दिली नसती. आणि हे चार दिवस तो गप्प बसला होता.

दुकानाचं कुलूप त्यानं फक्त जाकिटापुरतं काढलं. खुंटीवरचं जाकीट पिशवीत कोंबलं आणि तो थेट गाड्यांच्या आवारात पोचला. साडू टायरची हवा बघत होता.

"ते काढ अंगातलं," औषधवाला म्हणाला. "मुदत संपलीय. तीन वर्षं झाली. हे घाल."

साडूनं अस्तर उचललं आणि चिठ्ठी वाचली. त्याचं हसू पहिल्यांदाच मावळलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "रविवारी," तो म्हणाला.

"आज गुरुवार."

"हो."

साडूनं टायरच्या नळीवर टोपण बसवलं. रोज दोन फेऱ्या, म्हणजे मधे सहा फेऱ्या झाल्या होत्या. ते दोघांनीही मनात मोजलं. मग साडूनं नवं जाकीट घातलं. खांदे रुंद, म्हणून औषधवाल्यानं पुढं होऊन बाजूचे पट्टे सैल केले.

साडूनं कंपनीत आवाज उठवला. अठरा ड्रायव्हरांची जाकिटं तपासली, त्यातली अकरा मुदतीबाहेरची निघाली. सगळ्यांना नवी मिळाली आणि साडूला आवारात हार घातला गेला. गाडीवर मात्र त्याच्या उभ्या नोकरीत कुणी एक गोळी झाडली नाही. पुढच्या रविवारी सासूबाईंकडे तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हे साडूभाऊंनी ओळखलं. तारीख दिसली तशी धावत आले माझ्याकडे. एक तासही थांबले नाहीत."

सासूबाईंनी औषधवाल्याकडे पहिल्यांदा तसं बघितलं. बायकोनं त्याच्या ताटात आपणहून वाढलं. तो मान खाली घालून जेवला. चांगुलपणातही हा माणूस पुढं निघून गेला, आणि हे कुणाजवळ बोलायचीही सोय ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तो कोर्टामागच्या दुकानात जाऊन चाकूची बंडी घेऊन आला. रोज शर्टाच्या आत घालायचा. साडूवर जळणं काही थांबलं नाही. साडूला मुलगा झाला तेव्हा जळला, घर बांधलं तेव्हाही जळला. पण कुणी साडूविषयी वावगं बोललं की दुकानातून उठून भांडायला जायचा.

साडू गेल्या वर्षी, नोव्हेंबरच्या सहा तारखेला, सकाळी साडेआठला, यकृताच्या आजारानं इस्पितळात वारला. त्याला एकोणसाठावं वर्ष चालू होतं.