बाद झालेल्या बाटलीतला मी

मी एक विषाणू बोलतोय. दचकू नका, तुमच्याही मूत्रपिंडात माझा एखादा भाऊबंद पथारी टाकून पडलेला असेल. माणूस फारच खंगला तरच आम्ही उपद्व्याप करतो, एरवी पडून असतो. शिक्षण म्हणाल, तर जनुकांच्या लिपीतली अक्षरं चारच येतात. त्यांचीच पाच हजारांची रांग लावली की झालो मी.

मुलखागणिक ही रांग थोडी बदलते; डोंगराकडच्यांची वेगळी, सपाटीवरच्यांची वेगळी. आणि आम्ही रक्ताचं नातं विचारत बसत नाही. लहानपणी ज्याच्या अंगाखांद्यावर खेळलात, त्याच्याकडून तुमच्याकडे आलो.

मी डोंगराकडचा. एका शिंप्याबरोबर इथे सपाटीवर आलो. त्याने इथलीच एक तान्ही मुलगी दत्तक घेतली. ती त्याच्या मशीनखाली रांगायची, त्याची बोटं चोखायची. मी गुपचूप तिच्यातही बिऱ्हाड थाटलं. शिंप्याची बहीण मात्र येता-जाता ऐकवायची, की किती केलंस तरी परक्याचंच ते. मुलगी चाळिशीला आली, स्वतःच्या घरी नांदू लागली, तरी ते बोलणं तिला सलत होतंच.

मग विषाणूंच्या वाणावरून माणसं मूळची कुठली ते शोधणारी मंडळी आली. चांगली शिकलेली माणसं, आणि दारोदार लघवीच्या बाटल्या मागत फिरत होती! नियम कडक होता: एका कुटुंबातला एकच नमुना. शिंप्याने बाटली दिली. आपण कुठल्या निघतो ते बघावं म्हणून मुलीनेही दिली. अर्जात रक्ताच्या नात्यातल्या कुणी नमुना दिलाय का, असं विचारलं होतं. तिने खरं तेच लिहिलं: नाही.

महिन्याभराने तपासणाऱ्या बाईंनी तिला बोलावलं आणि चष्म्यावरून रोखून पाहिलं.

"ताई, खोटं कशाला लिहिलंत? तुमच्या आणि त्या शिंपीकाकांच्या नमुन्यात एका अक्षराचाही फरक नाही. कोण ते तुमचे?"

"वडील."

"मग तसं लिहायचं ना. आता तुमचा नमुना बाद करावा लागेल."

दत्तक हा शब्द तिच्या ओठांवर आला असावा. तिने तो गिळला.

"चालेल," ती म्हणाली. "फक्त कारण लिहून द्या."

बाईंनी कुरकुरत लिहिलं: वडील आणि मुलगी. वेगळे धरता येत नाहीत.

तिने कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि तडक वडिलांच्या दुकानाची वाट धरली. मीही निघालो, मला कोण विचारतंय म्हणा.

मोजणाऱ्यांनो, आमच्या रांगा खुशाल मोजा. फक्त ही एक बाटली बादच राहू द्या.