लोहाऱ्याची मोहर

मुनवर मास्तरांनी चिनी चित्रकलेचं पुस्तक ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत खुपसलं, तेवढ्यात दारात सायकल थांबली.

"त्याच कणगीतून आज दळण काढायचंय," त्यांची आई बिस्मिल्लाबी म्हणाली.

"अम्मी, गप बसा जरा."

पोलीस चौकीचे गुंडप्पा जमादार आत आले. चीनशी लढाई थांबून महिना झाला होता; पण लोहाऱ्यात ती उशिरा पोचल्यामुळं अजून चालू होती.

"मास्तर, शाळेत पोरांना चिनी डोंगर दाखवला म्हणं?"

"चित्र होतं."

"डोंगर कुणाच्या हद्दीत?"

"आठशे वर्षांपूर्वीचा आहे, जमादारसाहेब."

"म्हंजे जुना वाद हाय. काढा."

मास्तरांनी कणगीत हात घातला. हैदराबादच्या ग्रंथालयातून हे पुस्तक यायला दोन वर्षं लागली होती. ते जप्त झालं, तर त्यांच्या प्रबंधात नुसती प्रस्तावना उरणार होती.

जमादारांनी पानांतले दाणे झटकले. धुक्यातला डोंगर, खाली बारीकशी होडी आणि जागा मिळेल तिथं लाल शिक्के. चित्र ज्याच्या ज्याच्या हाती गेलं, त्यानं आपली मोहर उठवली होती. त्या मोहरांवरून चित्राचा प्रवास शोधायचा, हाच मास्तरांचा विषय.

जमादारांची अर्धी नोकरी निजामाच्या अमलात गेली होती. तिथं कागदावर मोहर असली की तो वाचायची गरज नसे. ते शिक्क्यांवरून बोट फिरवत राहिले.

"एवढ्या कचेऱ्यांनी पास केलंय?"

मास्तरांनी पान त्यांच्याकडं वळवलं.

"बादशहाचीसुद्धा आहे. ही बघा."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय!" जमादारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "लोकांनी लई जीव खाल्ला. तुम्हाला धरून नेलं असतं, तर घरात पोरीनं जेवू दिलं नसतं. तुमच्याच वर्गात हाय ती."

मग त्यांनी पंचनाम्यासाठी आणलेला चौकीचा शिक्का खिशातून काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि चित्रावर दाबला.

"आता कुणी इचारलं तर दाखवा."

बिस्मिल्लाबीनं न सांगता चहा टाकला. मग कणगीतून दळण काढायला घेतलं.

जमादार गेल्यावर मास्तरांनी शिक्क्याच्या शाईवर फुंकर घातली. ग्रंथालयाला काय सांगायचं, ते सुचत नव्हतं. मग त्यांनी प्रबंधाचा कागद ओढला आणि मोहरांच्या यादीत शेवटच्या मोहरेखाली लिहिलं : लोहारा पोलीस चौकी, १९६२.

पुन्हा एकदा त्यांनी चित्र उजेडात धरलं. बादशहानं थेट डोंगराच्या माथ्यावर मोहर ठोकली होती. जमादारांनी शिक्का दाबताना होडी वाचवली होती.